सात ते नऊ

बाबा गेल्याचा आईचा फोन आला तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. बाबा गेले होते साडेसातला. मी अकोल्यात बँकेत नोकरी करते. आई-बाबांचं मालेगाव तिथून जेमतेम दीड तासावर, कळलं असतं तर तेव्हाच गाडी काढून निघाले असते. "आई, तवाच काहून नाई सांगितलं?" मी ओरडले. "नऊ वाजाचे होते ना बाई," ती म्हणाली. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, धक्क्यानं बावचळली बिचारी. मला मात्र तिचं म्हणणं लगेच कळलं.

बाबा कचेरीत कारकून होते. त्यांनी इंग्रजीत लिहिलेला अर्ज एका साहेबानं चारचौघांत हसत हसत वाचून दाखवला होता, एवढंच मला ठाऊक. तो अपमान त्यांनी घरी आणला आणि त्याचं उट्टं माझ्यावर काढलं. मी पाचवीत गेले तेव्हापासून दहावी होईपर्यंत संध्याकाळी सात ते नऊ घरात फक्त इंग्रजी. आधी व्याकरण, मग उतारा, आणि उताऱ्याखालचा शेवटचा प्रश्न, 'पर्सनल रिस्पॉन्स'. म्हणजे तुला स्वतःला काय वाटतं ते लिही. मला काय वाटायला हवं ते बाबाच सांगायचे... आणि मराठीत तर आमच्या घरी कुणी कुणाला तसं कधी विचारलंच नाही. आईला इंग्रजी येत नव्हतं. त्या दोन तासांत तिच्या तोंडून एक मराठी शब्द निघाला की पट्टी माझ्या हातावर. "तुह्या मायच्यापायी मार खाऊन राह्यली तू," बाबा म्हणायचे. मारण्याआधी चष्मा काढून नीट घडी करून ठेवायचे. आठवडाभरात आई मुकी झाली.

मी नववीत असतानाची गोष्ट. स्वयंपाकघरात कढई आपटल्याचा आवाज झाला. बाबांनी मान वळवली आणि परत पुस्तकात घातली. मी जागची हलले नाही. उताऱ्याखाली प्रश्न होता, कुणी संकटात दिसलं तर तू काय करशील? मी लिहिलं होतं, ताबडतोब धावून जाईन. बाबा 'गुड' म्हणाले आणि पुढचा उतारा काढला. घड्याळात नऊ वाजले तशी आई भिंत धरत दारात आली. "पायावर तेल पडलं," ती म्हणाली, "जराशी हळद आन वं." पदराचं टोक चावून चावून ओलं झालं होतं. पोटरीपर्यंत कातडी सुटली होती. बाबा मला म्हणाले, "पाह्य, याले म्हन्तात शिस्त." आईचं कौतुक त्यांनी केलं ते तेवढं एकदाच.

लोक म्हणतात, त्यांच्यामुळेच तू शिकलीस. खरंच आहे, माझं इंग्रजी चोख आहे. त्याबद्दल मी त्यांची आभारी नाही.

गेल्या वर्षी अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली. एका दुपारी ते माठाकडे बघून नुसतेच आ... आ... करत होते. आई पेला भरून समोर बसली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "इंग्रजीत मांगा ना जी. पुरं वाक्य." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पेला तिनं बराच वेळ तसाच हातात धरला... मी दारात उभी होते. मला बरं वाटलं. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात.

परवा मालेगावला गेले होते. बाबांचा फोटो आईनं अजून लावलेला नाही, भिंतीवर तेच घड्याळ आहे. मेथी निवडता निवडता ती शेजारणीच्या सुनेबद्दल रंगून सांगत होती. सात वाजले आणि ती वाक्याच्या मधेच थांबली. "बाबा नाईत आता, आई. बोल ना वं," मी म्हटलं. ती नुसती माझ्या तळहातांकडे बघत राहिली. मी चिडले. स्टुलावर चढून घड्याळातला सेल काढून टाकला. तरी ती गप्पच. स्वयंपाक झाला, ताटं वाढली, माझ्या मोबाइलवर साडेनऊ होऊन गेले. आई बंद घड्याळाकडे बघत जेवत होती. शेवटी मीच पुन्हा स्टुलावर चढले, सेल बसवला आणि काटे फिरवून नऊवर आणले.

"वरणात मीठ कमी हाये," आई म्हणाली.