उलटा मास्क

विदुला गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात बटाटे निवडत होते. तिची मुलगी एवढंच म्हणाली, "मावशी, ममा इज गॉन." वेस्टमीडच्या हॉस्पिटलात कोविडमुळे भेटायला बंदी होती, त्यामुळे आमची शेवटची भेट व्हिडिओ कॉलवर झाली. तेव्हा ती म्हणाली होती, "केस स्वतःच कापलेस ना? दिसतंय." आजारी माणसाने जरा बरं बोलावं... पण विदुलाकडून ती अपेक्षा मी कधीच सोडली होती.

आम्ही दोघी शिकायला सिडनीत आलो, क्वेकर्स हिलला एका खोलीत राहिलो आणि पुढे एकाच युनिमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीत, नोकरीला लागलो. ती कापडाचं तंत्र शिकवायची, दरवर्षी नव्या करारावर. मी तिथले समारंभ घडवायचे, निवेदनही माझंच. माइक हातात आला की मला कुणी आवरू शकत नाही, हे इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

कोविडमध्ये परदेशी विद्यार्थी यायचे थांबले आणि युनिला पैशांची चणचण भासू लागली. अशात कपड्यांची एक बडी कंपनी नवी लॅब द्यायला तयार झाली. आभाराचा सोहळा झूमवर. कंपनीने आपलं नाव छापलेले मास्क आणि एक देखणी पुस्तिका सगळ्यांना घरपोच पाठवली. फोटोसाठी मास्क लावून बसा, अशी फर्माईश. आपापल्या घरात, एकेकटे, मास्क लावून बसलेले प्राध्यापक... इतकं भारी नाटक मी मंडळातही बसवलेलं नाही.

विदुलाचा मास्क उलटा होता. नाव आत, शिवण बाहेर.

डीन म्हणाले, "विदुला, मास्क उलटा झालाय, मेट."

"माहितेय." तिने पुस्तिकेतला फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. कंपनीचा परदेशातला कारखाना; खांद्याला खांदा लावून मास्क शिवणाऱ्या बायका. एकीच्याही तोंडाला मास्क नाही. "ह्यांना मिळाले की मी सरळ घालीन."

मी चॅटवर लिहिलं, 'बये, गप! तुझा करार याच महिन्यात संपतोय.' उत्तर आलं, 'तू निवेदन कर.'

सोहळ्यानंतर फोनवर आमचं कडाक्याचं भांडण झालं. "कंपनी रुसली तर लॅब जाईल, आणि कारखान्याची बदनामी झाली तर तिकडच्या बायकांचं कामही," मी म्हणाले.

"मी कुठे नको म्हणतेय? लॅब घ्या की. फक्त अट घाला, आपलं माणूस कारखान्यात जाईल आणि त्या बायकांशी बोलेल. साहेब समोर नसताना."

आठवड्याभरात कंपनीने नवा फोटो पाठवला. सगळ्याजणी मास्कमध्ये. डीन खूश, मीही खूश. विदुलाने फोटो मोठा करून पाहिला. "घड्यासुद्धा मोडलेल्या नाहीत. फोटोपुरते वाटलेत गं."

अट काही कुणी घातली नाही. लॅब झाली, दारावर कंपनीचं नाव लागलं. विदुलाचा करार संपला तो संपलाच. ती घरून शिवणाचे वर्ग घेऊ लागली, तेही झूमवर. मग ती आजारी पडली. तिच्या म्हणण्याबद्दल आमचं एकमत शेवटपर्यंत झालं नाही. फोन मात्र रोज व्हायचा.

ती गेल्यावर काही दिवसांनी तिच्या घरी गेले. दाराआडच्या खुंटीवर तो मास्क होता, धुतलेला, उलटाच. मुलगी म्हणाली, "टेक इट, मावशी."

आता ट्रेनमध्ये मी तोच लावते. कुणी ना कुणी म्हणतंच, तुमचा मास्क उलटा आहे. मी म्हणते, "माहितेय." मग ते विचारतात, का... आणि माझं स्टेशन यायला बराच वेळ असतो.