काकांचा पेपर

कुठलीही अडचण समोर आली, की काका तिला चार पर्याय जोडत. टाकीत पाणी नाही म्हटल्यावर आम्ही बाकीचे बादल्या घेऊन खाली धावायचो. काका गॅलरीत उभे राहून गंभीर आवाजात सुरू करायचे, "टाकी रिकामी आहे. सकाळी टीमची मीटिंग आहे. प्रोजेक्ट मॅनेजरने सर्वप्रथम काय करावे? अ, घरमालकाला कळवावे. ब, जोखमीची नोंद करावी. क, टँकर मागवावा."

"ड, पारोसं जावं," मी खालून म्हणायचो.

ते हसायचे नाहीत. "ब," म्हणायचे. "पुस्तकाप्रमाणे ब." आणि मग बादली घेऊन आमच्या मागून उतरायचे.

पुण्याजवळच्या नांदे गावात घरमालकीण आक्कांच्या दुमजली घरात वरच्या मजल्यावर आम्ही भाडेकरू राहत होतो. रस्त्याकडची जमीन विकून आक्कांच्या घरच्यांनी त्या खोल्या बांधल्या होत्या. मी सांगलीकडून आलेला, नोकरीला नवा. शेजारच्या खोलीत काका. हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत सगळी पोरं पंचविशीतली, त्यात चाळिशी ओलांडलेला हा एकच माणूस, म्हणून त्यांना सगळेच काका म्हणत. ते मूळचे परभणीचे. डिप्लोमा करून आधी इकडे भरे गावाजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. तिथे संगणक आले तेव्हा ते हाताळायला शिकले आणि कारखान्याचं काम कळणारा माणूस म्हणून सॉफ्टवेअरमध्ये आले. बायको आणि मुलगी परभणीलाच होत्या. मुलगी दहावी झाली की दोघींना इकडे आणायचं, असं ठरलं होतं.

मग मंदी आली. आमच्या साहेबांनी एका मीटिंगमध्ये सांगितलं की सक्ती नाही, पण यापुढे टीम सांभाळणाऱ्यांकडे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट असलेलं बरं. त्या दिवसांत 'बरं' या शब्दाचा अर्थ सगळ्यांना कळत होता. लोकांना एकेक करून आतल्या खोलीत बोलावलं जायचं आणि ते बाहेर यायचे तेव्हा हातात लॅपटॉप नसायचा. काकांनी त्याच आठवड्यात जाडजूड पुस्तक आणलं. मी त्यांना इंटरनेटवरून सराव परीक्षा उतरवून दिल्या.

रविवारी ते अगदी खऱ्यासारखा पेपर सोडवत. चार तास. गच्चीवर पत्र्याच्या सावलीत टेबल, टेबलावर गजराचं घड्याळ, मोबाइल बंद. मध्ये पाणी प्यायचे नाहीत, उठायचे नाहीत. खाली अंगणात पोरांनी क्रिकेट मांडलं की आक्का ओरडायच्या, "तिकडं लांब खेळा रं. वर काकांचा पेपर हाय." दारावर येणाऱ्या भाजीवाल्यालासुद्धा त्या हळू बोलायला लावायच्या. चार तासांनी काका मान चोळत खाली यायचे आणि आक्का चहा द्यायच्या. किती पडले, हे त्या विचारायच्या नाहीत. काकांच्या चेहऱ्यावरून ते कळायचं.

दर वेळी ते थोडक्यात नापास व्हायचे. इंग्रजी लांबलचक प्रश्न त्यांना दोनदा वाचावा लागे, वेळ संपे. शिवाय पहिलं मनात येणारं उत्तर बहुतेक वेळा चुकीचं निघे. टीममधल्या मुलाकडून मोठी चूक झाली तर काय कराल, या प्रश्नावर त्यांनी 'त्याच्या शेजारी बसून दुरुस्त करीन' अशा अर्थाच्या पर्यायावर खूण केली होती. प्रत्यक्षात ते तसंच करायचे, माझ्या बाबतीत केलं होतं. पुस्तक म्हणत होतं, आधी परिणामांचा आढावा घ्या. "त्याचंही बरोबर आहे," काका म्हणाले. "पण पुस्तकातल्या मॅनेजरला कुणी घरी पाठवणार नसतं ना. म्हणून त्याला सगळं क्रमाने सुचतं."

परीक्षा पुण्यात होती. सोबत म्हणून मी गेलो आणि समोरच्या हॉटेलात बसून राहिलो. ते बाहेर आले, माझ्यासमोर बसले, चहा मागवला. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "शेवटचा प्रश्न झाल्यावर लगेच निकाल दाखवत नाहीत. आधी विचारतात, केंद्र कसं वाटलं, खुर्ची कशी होती, प्रकाश पुरेसा होता का. मी सगळं नीट भरलं. खुर्ची उत्तम, प्रकाश उत्तम. मग निकाल दाखवला."

चहा आला. त्यांनी तो तसाच ठेवला आणि घरी फोन लावला. पलीकडून काकू काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. काका म्हणाले, "हो. झालो पास." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "हो, हो. वाटा पेढे." फोन ठेवून त्यांनी कप बाजूला सारला. मग मला म्हणाले की पुढच्या महिन्यात परत बसतो, तेव्हा खरंच पास होईन, तोवर तिला काही कळू देऊ नकोस.

त्यानंतरची त्यांची तयारी बघवत नव्हती. नवे पेपर मी आणून दिले तरी ते बाजूला ठेवायचे आणि जुनेच पुन्हा पुन्हा सोडवायचे. प्रश्न पाठ झाले होते, दोन शब्द वाचले की उत्तरावर खूण. नव्वद पडू लागले, मग पंच्याण्णव. एका संध्याकाळी मी न राहवून म्हणालो, काका, हे तेच प्रश्न आहेत, याचा उपयोग नाही.

"माहीत आहे रे," ते म्हणाले. आवाज शांत होता. "पण दिवसातून एकदा तरी कुठेतरी पास व्हावंसं वाटतं."

दुसऱ्या खेपेला ते एकटेच गेले. परत आले तेव्हा मी जिन्यात होतो. त्यांनी बूट काढून दाराशी नीट जोडून ठेवले, आत गेले आणि कडी लावली. आक्का ताट वाढून वर घेऊन आल्या, दार वाजवून थांबल्या आणि ताट घेऊन परत गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "लई अभ्यास केला की वो त्यांनी. मग काय कमी पडलं?"

दिवाळीनंतर त्यांनाही आतल्या खोलीत बोलावलं. बाहेर आल्यावर ते माझ्या टेबलाशी थांबले आणि एका चालू कामातलं काय अर्धं राहिलंय ते मला व्यवस्थित समजावून सांगितलं. मग गेले. पुढचे दोन महिने ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून नोकरी शोधायला बाहेर पडत. मिळाली नाही. शेवटी घरी मंदीचं कारण सांगून त्यांनी खोली सोडायचं ठरवलं आणि सामान आवरायला काकू आल्या.

टेम्पो दारात लागला होता. काका खाली ड्रायव्हरबरोबर कपाटाला दोर बांधत होते. वर काकू चादरींच्या घड्या करत होत्या आणि मी भांडी खोक्यात भरत होतो. घडी घालता घालताच त्या म्हणाल्या, "ते पास झाले नव्हते ना?"

मी हातातलं पातेलं कागदात गुंडाळून खोक्यात ठेवलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं. इतक्या हळू आवाजात कुणी पास झाल्याचं सांगतं का?"

"मग पेढे?"

"वाटले. त्यांनी सांगितलं होतं ना वाटा म्हणून." त्यांनी चादर पिशवीत घातली. "विचारलं असतं तर ते घरातही नापास झाले असते. एवढी एक जागा राहू द्यावी म्हटलं. तुम्हीही काही बोलू नका."

मी नाही बोलणार म्हणालो. खाली उतरलो तर काकांनी मला टेम्पोच्या मागच्या बाजूला नेलं, हात धरला आणि म्हणाले, "हिच्यासमोर मी पास झालेलाच आहे. तेवढं सांभाळ." मी त्यांनाही हो म्हणालो. दोघं पुढे ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने बसले. आक्कांनी प्रवासासाठी भाकरी बांधून दिली होती, ती काकूंनी मांडीवर घेतली. टेम्पो गेला.

पुढच्या वर्षी मी तीच परीक्षा दिली. प्रश्न कसा वाचायचा, कुठे थांबायचं नाही, हे सगळं मी काकांचं बघून शिकलो होतो. मी पास झालो आणि परभणीला फोन लावला. तो काकूंनी उचलला. काका आता एका शाळेत संगणकांची देखभाल करतात, पण घरी आले की फार बोलत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मी माझी बातमी सांगितली. त्या म्हणाल्या, फार छान झालं हो. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्यांना नका सांगू." त्यांनी काकांना हाक मारली आणि नांद्याहून फोन आहे म्हणाल्या.

काका फोनवर आले. त्यांनी माझी तब्येत विचारली, आक्कांची म्हैस व्याली का विचारलं, भऱ्याचा रस्ता झाला का विचारलं. मग म्हणाले, "आणि तुझं काय नवीन?"

"काही नाही काका," मी म्हणालो. "चाललंय तेच."