अमीनाला स्टेप्स नकोत

"कॉपी आहे. शंभर टक्के," फैजान म्हणाला आणि पेपर माझ्यापुढे सरकवला.

घरी सोडवायला दिलेली वीस गणितं. एकोणीस बरोबर. आणि स्टेप एकाचीही नाही! स्टेप म्हणजे उत्तरापर्यंत कसं पोचलो ते ओळीओळीने लिहिणं. अमीनाने नुसती उत्तरं लिहिली होती, खाली दोन-दोन रेघा मारून.

आम्ही कॉलेजची सहा मुलं सौदीत, जेद्दाच्या शराफिया भागातल्या एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये शुक्रवार-शनिवार सकाळी लहान मुलांना शिकवतो. फुकट. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाच्या आत खलास करावं लागतं, मग तिथे बिर्याणीची गर्दी होते. सगळं चालवतात कदम मॅडम. त्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत आणि आम्हालाही पेशंटसारखंच दटावतात.

अमीना नऊ वर्षांची. दापोलीकडच्या मराठी शाळेतून नुकतीच आलेली. वडील एसी टेक्निशियन, कितीतरी वर्षं कंपनीच्या लेबर कॅम्पवर एकटे राहून आत्ता कुठे फॅमिली आणलेली. इथल्या इंडियन शाळेत चौथीची एकच सीट रिकामी होती आणि दहा दिवसांवर टेस्ट. सीट गेली तर मायलेकी परत गावी आणि हे परत कॅम्पवर.

मी वडिलांना बाजूला घेतलं. "काका, घरी तुम्ही मदत केलीत का?"

"ताई, मी सोडवलं असतं तर एकोणीस चुकली असती."

मॅडमनी ऐकलं. "रिपोर्ट न काढताच निदान करताय? समोर बसवा की तिला!"

बसवलं. सात बॉक्स, प्रत्येकात सतरा पेनं. अमीनाने पंख्याकडे बघितलं, ओठ हलवले, "एकशे एकोणीस." मी अजून मोबाइलचा कॅल्क्युलेटर शोधत होते. (हे फैजानला सांगू नका.)

म्हणजे कॉपी नव्हती. पण शाळेत निम्मे मार्क स्टेप्सचे! आणि अमीना ऐकेना.

"बाई, उत्तर आलं ना? मग वही कशाला भरवायची? आमचे गुरुजी ओरडतात."

बाई मी. वय वर्षं वीस.

मी स्टिकर दिले. चॉकलेट दिलं. समजावलं, रागावले. चॉकलेट संपलं, स्टेप काही आली नाही.

मग फैजान तिचा पेपर तपासायला बसला. तो इंजिनीअरिंगच्या थर्ड इयरला आहे, हे लक्षात ठेवा.

"हे एकशे एकोणीस आलं कुठून?"

अमीना त्याच्याकडे बघतच राहिली. "सर, तुम्हाला सतराचा पाढा येत नाही?"

"नाही."

"दहाचा?"

"तो येतो!"

"मग सतरातले दहा आधी घ्या. दहा सत्ते सत्तर. उरले सात. सात सत्ते एकोणपन्नास. आता करा बेरीज."

"थांब थांब. पुन्हा सांग."

"लिहूनच देते," ती वैतागून म्हणाली, आणि चार ओळी लिहिल्या. चार!

मी ओरडणारच होते. मॅडमनी माझं कोपर दाबलं. "गप्प. त्याला असाच राहू दे."

पुढचे आठ दिवस आम्ही रोज संध्याकाळी जादा क्लास घेतला. फैजान प्रत्येक गणिताला "कसं काय?" विचारायचा आणि अमीना कपाळाला हात लावून लिहायची. दुसऱ्या दिवसापासून आपण नाटक करत होतो असं तो सांगतो. आम्ही सांगू देतो.

टेस्टच्या दिवशी मी आणि वडील गेटबाहेर उभे. बाकीची मुलं कधीच बाहेर आली. अमीना सगळ्यात शेवटी.

"बाई, तपासणारे सर कसे असतील काय माहीत. म्हणून सगळं सगळं लिहिलं. शेवटची दोन राहिलीच."

वडिलांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला रडू येत होतं. दोन गणितं!

चार दिवसांनी त्यांची व्हॉइस नोट आली. मागे ड्रिल मशीन चालू, आणि मधे फक्त "ताई... मिळाली... अल्हम्दुलिल्लाह... ताई..."

तर शिकवणाऱ्यांसाठी एवढंच. मुलाने स्टेप्स लिहायला हव्या असतील तर त्याच्यासमोर ज्याला खरंच कळत नाही असा माणूस बसवा. आमच्याकडे एक आहे. फक्त आधी सांगून ठेवा, परीक्षेच्या सीझनला त्याला फार मागणी असते.