एस म्हणजे शहापूर

मुरबाडहून शहापूरला जायचा सरळ रस्ता किन्हवलीमार्गे. एसटी थेट जाते. पण त्या दिवशी सकाळची गाडी रद्द झाली आणि मामेबहीण सुगंधाची शहापूरच्या एका खासगी दवाखान्यात नर्सच्या जागेसाठी अकराला मुलाखत होती. धसईहून ती उजाडताच मुरबाडच्या स्टँडवर आली होती.

"जीपने कल्याण, पुढे लोकल," मी फर्मान काढलं.

जीप भरल्याशिवाय सुटत नाही; तेवढ्यात वडापाव उरकून घ्या. आणि लक्षात ठेवा, शहापूर नावाचं स्टेशनच नाही. आसनगावला उतरायचं, तिथून शेअर रिक्षा.

कल्याणचा जिना धावत उतरलो. समोर लोकल उभी, कपाळावर ठळक 'एस'.

"दादा, कोनाला इचारू का?"

"वाचता येतं ना आपल्याला? एस म्हणजे शहापूर. चढ!"

पुढचं स्टेशन आलं विठ्ठलवाडी. सुगंधाचा चेहरा उतरला. "आपल्याला शहाड लागायला पायजे होता ना?"

समोर भाजीची टोपली घेऊन बसलेल्या मावशी म्हणाल्या, "गो बाय, ही कर्जतची. शहाडकडं जायचा तर इकडं कशी आलीस?"

"एस लिहिलंय!" मी भडकलो.

"एस म्हंजे कर्जत. शहाड, आसनगाव, कसाऱ्याला एन."

"मग के?"

"के म्हंजे कल्यान. तुमी शिकल्यासारखे दिसता, इचारला नाय कोनाला?"

शेजारचा पासवाला हसला. "कर्जत दक्षिणेला, साउथ, म्हणून एस. कसारा नॉर्थ. सोपं आहे."

सोपं? कर्जतच्या नावात एस कुठे आहे? आसनगावला निघालेल्या माणसाने आधी रेल्वेचा नकाशा पाठ करायचा, मग इंग्रजीत दिशा शोधायची? जे अक्षर फक्त पासवाल्याला कळतं, त्याला पाटी म्हणू नये, परवलीचा शब्द म्हणावं. तुम्ही जाणार असाल तर कसाऱ्याकडची एन किंवा आसनगावचीच गाडी धरा, आणि तरीही विचारा.

उल्हासनगरला उतरलो, उलटी गाडी धरून कल्याणला आलो, मग एनची वाट पाहिली. सुगंधा घड्याळाकडे बघत नव्हती; फाईलचा बंद सोडून बांधत होती. दवाखान्यात पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. तिचं नाव दोनदा पुकारून झालं होतं. जागा एकच होती, ती भरली.

परतीला किन्हवलीची एसटी मिळाली. रस्ता सुंदर आहे, दोन्हीकडे भातखाचरं. मी वाटभर रेल्वेवर बोलत होतो. सुगंधा खिडकीबाहेर बघत होती.

घरी येऊन तक्रारअर्ज लिहायला घेतला. "पाटीमुळे प्रवाशांची दिशाभूल होते," इथपर्यंत जोरात आलो आणि पेन अडलं. सुगंधाची दिशाभूल पाटीने केली नव्हती. ती विचारणार होती.

फोन लावला. "चूक माझी होती," म्हणालो.

"जाऊ दे रे दादा," ती म्हणाली. "किन्हवलीच्या दवाखान्यात पन जागा निघालीय. सोमवारी बोलावलाय."

"मी येतो सोबत."

"नको. मी एकटीच जाईन. इचारत इचारत."