तिजानीने दिलेली पेनल्टी

महदिया गावाच्या बंदरामागच्या गल्लीत राहणारा तिजानी घरबी आठवड्याचे सहा दिवस टपाल कचेरीत पत्रांवर शिक्के मारायचा आणि सातव्या दिवशी काळी अर्धी विजार घालून फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी फुंकायचा. शिक्क्यांबद्दल त्याला कुणी कधी बोल लावला नाही. शिट्टीबद्दल मात्र त्याने पंचवीस वर्षं शिव्या खाल्ल्या. बायको दलेंदा म्हणायची, "लोकांच्या नवऱ्यांच्या कपड्यांना मासळीचा वास येतो, माझ्याच्या कपड्यांना टोमॅटोचा."

सगळ्यात जास्त टोमॅटो पडले एकोणऐंशी साली. शेजारच्या गावाशी अंतिम सामना होता. नेमलेला पंच आजारी पडला, म्हणून तिजानीला उभं केलं. घरचाच माणूस, सांभाळून घेईल, असं गावाला वाटलं. एक-एक अशी बरोबरी, दोन मिनिटं उरलेली, आणि या घरच्या माणसाने आपल्याच गावाविरुद्ध पेनल्टी दिली. चेंडूला हात लावल्याचा ठपका ज्याच्यावर आला, तो बशीर म्हणजे दलेंदाचा पाठचा सख्खा भाऊ.

गाव हरलं. न्हाव्याने तिजानीची एका गालाची दाढी केली आणि दुकान बंद करून घरी गेला. दलेंदाही भावाच्या बाजूने उभी राहिली. "बशीर म्हणतो छातीला लागला, म्हणजे छातीलाच लागला. माझा भाऊ खोटं बोलत नाही."

"डावा हात. कोपराच्या खाली," तिजानी म्हणाला.

पुढची चाळीस वर्षं, प्रत्येक ईदला, प्रत्येक लग्नात हा वाद निघाला, आणि त्याने याहून एक शब्द जास्त उच्चारला नाही.

मग तो विसरायला लागला. आधी किल्ल्या कुसकुस शिजवायच्या पातेल्यात सापडल्या. नंतर एका सकाळी तो टपाल कचेरीत जाऊन खिडकीत बसला आणि शिक्के मारू लागला. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण अर्धा तास कुणाच्या लक्षात आलं नाही. रांग भराभर सरकत होती, लोक खूश होते. सूस शहरातल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव अल्झायमर सांगितलं. दलेंदाला ते एखाद्या परदेशी गोलरक्षकाचं नाव वाटलं.

घरात तिजानीने पुन्हा पंचगिरी सुरू केली. मुलगी रौदा आणि जावई जेवायला आले होते. जावयाने माशाचा दुसरा तुकडा उचलताच शिट्टी वाजली आणि पिवळं कार्ड निघालं. तिसऱ्या तुकड्याला लाल. जावई बिचारा ताट घेऊन निमूट अंगणात गेला. लाल कार्ड मिळाल्यावर आत थांबायचं नसतं, हे त्यालाही पटत होतं.

जन्मभर दलेंदाला अगं-तुगं करणारा हा माणूस आता तिला 'बाई' म्हणू लागला.

"बाई, तुम्ही रोज माझ्यासाठी एवढं रांधता. घरी नवरा रागवत नाही?"

"त्याला पत्ताच नाही."

"काय बेफिकीर माणूस आहे हो!"

दलेंदा स्वयंपाकघरात जाऊन पोट धरून हसायची. हसता हसता डोळे भरून यायचे, ते कांद्याच्या हातांनी पुसायची, आणि मग खरोखरच रडायची.

बशीरला मात्र या आजारात संधी दिसली. बहात्तर वर्षांचा हा गडी रोज तीळ-हलवा घेऊन हजर. "तिजानी, तूच म्हणाला होतास ना मला, की चूक झाली?"

"डावा हात. कोपराच्या खाली."

मुलीचं नाव गेलं, स्वतःचं गेलं, हे जाईना. बशीर वैतागून म्हणायचा, "ताई, याचा सगळा मेंदू झिजला, तेवढा एक कोपराच कसा शाबूत?"

एका हिवाळ्यात मात्र तिजानीने विचारलं, "कसला हात?"

"अरे, ती पेनल्टी! एकोणऐंशीची!"

तिजानीने त्याला न्याहाळलं आणि अदबीने हसला. "छे हो. तुम्ही इतके सज्जन दिसता. नसेल ती पेनल्टी."

रश्शाचा डाव हातात घेऊन दारात उभ्या दलेंदाला वाटलं, आता भाऊ नाचणार. पण बशीरचा चेहरा पडला.

"नसेल? नसेल कशी?" तो उठला, बाही वर करून डावा हात तिजानीच्या नाकापुढे नाचवू लागला. "इथे लागला होता! इथे! सगळ्या मैदानात तू एकट्यानं बघितलं होतंस, गाढवा! तूच विसरलास तर कसं व्हायचं?"

"जाऊ द्या हो," तिजानी त्याची पाठ थोपटत म्हणाला. "खेळात होतं असं."

"बशीर," दलेंदा म्हणाली, "काय म्हणालास?"

"ताई, आधी तो डाव खाली ठेव."

तिने ठेवला नाही. अंगणातल्या संत्र्याच्या झाडाभोवती दोघं म्हातारी तीन फेरे धावली. तिजानीने टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी दलेंदाने त्याची माफी मागितली. "तुझंच बरोबर होतं."

"माझं? कशात?"

मग तिने त्याला सगळा सामना सांगितला. दुसऱ्या दिवशी तो विसरला, तिने पुन्हा सांगितला. रोज त्याला गोष्ट नवी. रोज तो विचारायचा, "मग त्या पंचाच्या बायकोनं काय केलं?"

"ती त्याच्या बाजूनं उभी राहिली," दलेंदा ठोकून द्यायची.

"वा! नशीबवान माणूस."

वसंतात तो झोपेतच गेला. मयताला त्याने कधी ना कधी मैदानाबाहेर काढलेली सगळी माणसं आली, काठ्या टेकत. अंगणात बशीर उभा राहिला आणि म्हणाला, "ऐका रे. एकोणऐंशी साली चेंडू माझ्या हाताला लागला होता."

मग त्या सामन्यातला गावाचा गोलरक्षक, एक्क्याऐंशी वर्षांचा हमादी, खुर्चीतून ओरडला, "तुला काय कळतंय? मी मागेच उभा होतो. छातीला लागला होता!"

"अरे, हात माझा होता!"

"असेल तुझा. पंच आंधळा होता, अल्ला त्याला जन्नत देवो!"

दोन तट पडले, आवाज चढले. दलेंदाने रौदाच्या हाती कुसकुसचं मोठं ताट बाहेर पाठवलं. भांडत भांडत सगळे पोटभर जेवले.