हे मशीन भरतं का?

आमच्याकडे तेव्हा आवाज रेकॉर्ड करत नसत, भरत असत. कॅसेट भरून आणली, लग्नातली गाणी भरून घेतली, अमक्याचं भाषण भरलं. कोरी कॅसेट म्हणजे रिकामं भांडं आणि आवाज म्हणजे पाणी, असंच ते बोलणं होतं. त्या एका शब्दापाशी मी पंचवीस वर्षं अडकून बसलो आहे.

आमच्या घरात एका गोष्टीचा दोष नगरच्या एका दुकानदाराला दिला जातो. आई शेवटपर्यंत देत होती, बहिणी अजून देतात. तो दोष त्याचा नाही, माझा आहे. आबा कधीच गेले, दोन वर्षांपूर्वी आईही गेली. आता सांगायला भीती वाटावी असं कुणी उरलेलं नाही. खरं तर भ्यावं असं कुणी तेव्हाही नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. राहुरीच्या बाजूला एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर मजूर होते. पण पंचक्रोशीत त्यांची ओळख होती ती गायन पार्टीची. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या दिवसांत गावोगाव सामने लागायचे. दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या. एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातूनच उत्तर द्यायचं. आबा गायचे आणि गाणीही तेच रचायचे. ढोलकीवर माझा मामा, पेटीवर एकजण, मागे कोरसला चौघंजण.

ती गाणी आबांनी कधी लिहून ठेवली नाहीत. चौथीपर्यंत शिकले होते, लिहिता येत होतं. पण म्हणायचे, "गानं वहीत गेलं की समोरच्या पार्टीत गेलंच समज." स्टेजजवळ कुणी टेपरेकॉर्डर घेऊन आलेला दिसला की हात वर करून ढोलकी थांबवायचे. कोरसवाल्यांनाही फक्त धृपद पाठ असायचं. कडवी एकट्या आबांच्या गळ्यात. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्यानं आपलं नाव ओवायचं अशी रीत. ते नाव आलं की आबांचा उजवा हात आपोआप छातीवर जायचा.

मग तो गळा बसला. आधी खडीसाखर झाली, मग गावातला डॉक्टर, मग नगर, मग पुणे. पुण्याच्या डॉक्टरांनी आम्हाला समजेल अशा भाषेत सांगितलं, "आवाजाची पेटी काढावी लागेल."

"पेटी?" आबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "डाक्टरसाहेब, पेटी आमच्यात दुसराच वाजवायचा. त्याची काढा."

डॉक्टर हसले. आई हसली नाही. येताना एसटीत आबा खिडकीला डोकं टेकून बसले होते. सुपं गाव मागे पडल्यावर एकदम म्हणाले, "भरून ठिवू."

"काय?" मी विचारलं.

"गानी. समदी. आता कुनाला चोरायची ती चोरू दे."

ऑपरेशनला पंधरा दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला जवळ बसवलं आणि पैसे हातात दिले. "आवाज भरायचं मशीन आन. हातात मावंल आसं. म्हंजी दवाखान्यात पन ऐकता यील." त्यानंतर त्यांनी बोलणं बंद केलं. गळ्यात जेवढा आवाज शिल्लक होता तेवढा गाण्यांसाठी राखून ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. पाणी हवं तर बोटानं दाखवायचे. आई चुकीचं समजली की कपाळावर हात मारायचे, पण तोंड उघडायचे नाहीत. असे आठ दिवस त्यांनी काढले.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, कारखान्याच्या ऑफिसात हंगामी कारकून. लहान नव्हतो, हे आधीच लिहून ठेवतो.

सुट्टी मिळून नगरला जायला आठवडा गेला. तिथल्या दुकानात काउंटरवर दोन वस्तू मांडल्या गेल्या. एक कॅसेटचा वॉकमन, काळा, विटेसारखा जाड. त्याला लाल बटण होतं आणि वरच्या कोपऱ्यात माइकची बारीक जाळी. कोरी कॅसेट घालायची, लाल बटण दाबायचं आणि बोलायचं. आबांना हवं होतं ते हेच. पाच मिनिटांत घेऊन मी घरी यायला हवं होतं.

दुसरी वस्तू चपटी, गोल, चंदेरी. झाकण उघडलं की आत आरशासारखी तबकडी. दुकानदारानं ती चालू करून हातात धरून गदागदा हलवली. "बघा, गाणं तुटत नाही. पुढचं दहा सेकंदांचं आधीच पोटात घेऊन ठेवतं." मग त्यानं हेडफोन माझ्या कानांवर चढवले.

बासरी होती. पण मला बासरी ऐकू आली नाही, तिच्या मागची शांतता ऐकू आली. माझं सगळं ऐकणं लाउडस्पीकरच्या कर्ण्यातून आणि घासलेल्या कॅसेटमधून झालेलं. आवाज म्हटला की त्याच्यामागे खरखर असणारच, असं मला वाटायचं. इथे आवाजामागे काहीच नव्हतं. फुंकर कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, तेसुद्धा कळत होतं. मी डोळे मिटले आणि तिथेच माझं बिघडलं.

हेडफोन काढून मी विचारलं, "यात भरता येतं का?"

"नाही," दुकानदार म्हणाला. "सीडी भरलेलीच मिळते. आपल्याला भरता येत नाही. भरायचं असेल तर हा वॉकमन न्या."

त्याचे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात. त्यानं एकदा सांगितलं नाही, दोनदा सांगितलं. पॅक करतानाही म्हणाला, "भरत नाही बरं का हे, नंतर वाद नको." बासरीची सीडी त्यानं सोबत दिली. परतीच्या एसटीत मी संपूर्ण रस्ता ती ऐकत आलो.

मनाशी मी एक सोय करून ठेवली होती. शेजारी एक गुरुजी राहायचे, त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर होता. गाणी भरायचा दिवस रविवार ठरलेला. शनिवारी तो मागून आणायचा आणि आबांना म्हणायचं, दोन्हीकडे भरू, एक बिघडलं तर दुसरं असू दे. मग खोटं बोलायची वेळच येणार नव्हती.

घरी आलो. आबांनी ती गोल डबी हातात घेतली, उलटीसुलटी केली, झाकणात स्वतःचं तोंड पाहिलं. आईकडे बघून भुवया उंचावल्या. आईनं विचारलं, "भरतं का रं हे?"

"भरतं की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दुपारी आबा जेवून उठले आणि आठ दिवसांत पहिल्यांदा बोलले. "गळा मोकळा वाटतोय. रविवारची वाट बघायची न्हाई. मेव्हन्याला बोलाव."

मी आधी गुरुजींकडे पळालो. घराला कुलूप होतं. ते गावाला गेले होते. परत आलो तोवर मामा ढोलकी घेऊन पडवीत बसलाही होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. 'आबा, हे भरत नाही, मी चुकलो, तासाभरात दुसरं आणतो,' इतकंच. राहुरी काही लांब नव्हती. मी मशीन आणायला आत गेलो.

त्या मशीनच्या हेडफोनच्या वायरवर मध्येच बोटाएवढा एक तुकडा होता, गाणं पुढेमागे करायच्या बटणांचा. त्याला मागून चिमटा होता. तो चिमटा मी आबांच्या सदऱ्याला गळ्यापाशी लावला आणि म्हणालो, "यातून आवाज आत जातो."

बासरीची सीडी सुरू केली. हेडफोन बाजूला सतरंजीवर ठेवले. मशीनच्या छोट्या काचेत आकडे पळू लागले. आबा त्या आकड्यांकडे आदरानं पाहत होते.

"चालू झालं?"

"झालं."

घसा खाकरून ते मशीनकडे वाकून म्हणाले, "ह्ये पहिलं गानं नेवाशाच्या सामन्याचं. समोरची पार्टी उठून गेल्ती." आणि गायला लागले.

अकरा गाणी झाली. प्रत्येकाआधी ते कुठल्या गावचं आणि कुणाला काय उत्तर दिलेलं, ते सांगायचे. मध्येच मामावर खेकसायचे, "मोकळी थाप ठिव की. वरातीत वाजवतोस का?"

"दाजी, ढोलकी न्हाई चुकली, तुमीच पळताय. मशीन नवं हाय, त्याला तरी दम खाऊ द्या."

"दम खायाला ते काय ऊस तोडून आलंय?" मग माझ्याकडे वळून, "थांबव जरा. शेल वाया जात्यात."

मी थांबवायचो, पुन्हा चालू करायचो. तिकडे सतरंजीवर पडलेल्या हेडफोनमधून बासरी चिलटासारखी बारीक वाजत होती. ती कुणाला ऐकू गेली तर, एवढीच धास्ती मला होती. मी हळूच हेडफोनवर टॉवेल टाकला.

शेवटच्या गाण्यात, शेवटच्या कडव्यात, नावापाशी आबांचा आवाज चिरकला. ते थांबले. पाणी प्यायले. म्हणाले, "मागं घे. परत भर. नाव फाटलं."

मी एक बटण दाबलं. आकडे मागे गेले. त्यांनी ते कडवं पुन्हा म्हटलं. नाव सावकाश, तोलून, छातीवर हात ठेवून घेतलं. या वेळी फाटलं नाही.

आई म्हणाली, "ऐकवा की आता." पण आबांनीच हात हलवला. "आता न्हाई. आता ऐकलं तर परत म्हनावं वाटंल. दवाखान्यात ऐकू."

ऑपरेशनला अजून काही दिवस होते. आवाज पार बसला होता, पण कुजबुजीएवढा उरला होता. गुरुजी रविवारी परतले. त्यांचा टेपरेकॉर्डर त्यांच्या खिडकीत दिसायचा. मी कामावर जाताना रोज तो पाहायचो आणि पुढे जायचो. माझी चूक दुकानात झाली असं मी कधीकधी स्वतःला सांगतो. दुकानातली हाव तरी समजून घेता येते. त्या खिडकीवरून रोज पुढे जाणं मला समजत नाही.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी आबांनी कानाकडे बोट केलं. त्यांच्या गळ्याला भोक पाडलेलं होतं, छातीवर पाटी ठेवलेली होती. मी मशीन काढलं. बटणं दाबली, झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा दाबली. मग म्हणालो, "आबा, दुकानदारानं फसवलं. भरतच नाही हे. काहीच आलेलं नाही."

आई दुकानदाराला शिव्या द्यायला लागली. त्याच्या दुकानापासून त्याच्या लेकराबाळांपर्यंत पोचली. आबांनी डोळे मिटले. मग पाटी घेतली आणि लिहिलं, 'तू ऐकलं ना?'

मी मान हलवली. हो म्हटलं.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. त्या दवाखान्यात आबा झोपले की मी बाहेरच्या बाकावर बसून ते मशीन ऐकायचो. बासरी तितकीच सुंदर वाजायची.

घरी आल्यावर दोनेक महिन्यांनी आईनं नवी वही आणून आबांपुढे ठेवली. "ल्ह्या आता. आता कोन चोरतंय?" आबा लिहायला बसले. धृपद झालं, पहिल्या कडव्याची एक ओळ झाली, आणि पेन थांबलं. त्यांचे ओठ हलत होते. चालीवाचून त्यांना शब्द येत नव्हते. आयुष्यभर एका ओळीनं दुसरीला गळ्यातून ओढून आणलं होतं, आणि तो गळाच आता नव्हता. त्यांनी वही मिटली.

मग मामाला खूण केली. मामानं ढोलकी घेतली. आबांनी खाटेच्या माच्यावर बोटांनी ठेका धरला आणि माझ्याकडे पाहून हनुवटी वर केली. म्हण.

मी धृपद म्हटलं. ते तर कोरसलाही येत होतं. आबांचे डोळे चमकले, मान डोलली, आणि पुढच्या कडव्याची वाट बघत त्यांनी ठेका चालू ठेवला.

माझ्याकडे कडवं नव्हतं. अकराही गाण्यांतलं नव्हतं. त्या दुपारी मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो, पण मी ऐकतच नव्हतो. आकडे बघत होतो, टॉवेल बघत होतो. नेवाशाची पार्टी उठून गेली, हे आठवत होतं. शेल वाया जात्यात, हे आठवत होतं. नाव फाटलं, हे आठवत होतं. गाणं आठवत नव्हतं.

ठेका चार आवर्तनं चालला. मामानं माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं आणि थाप हळू केली. आबांचं बोट शेवटी थांबलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं. पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, 'दुकानदाराला शिव्या देऊ नका.'

आईनं वाचलं आणि ती फणकारली, "तुमाला समद्यांचा कळवळा." आबांना खरं काय ते कळलं होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. त्यानंतर ते तीन वर्षं होते. विचारायला वेळ भरपूर होता.

जयंतीला अजूनही आमच्या भागात आबांचं एक धृपद म्हणतात. नव्या पोरांनी त्याला आपली कडवी लावली आहेत आणि शेवटी दुसऱ्याचं नाव येतं. त्यात त्यांची काही चूक नाही. मोकळी जागा त्यांनी भरली. मी मागच्या रांगेत उभा राहून धृपदापुरता आवाज मिसळतो आणि कडवं सुरू झालं की गप्प होतो.

आबांचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. त्याची जागा शेवटच्या कडव्यात होती.