तुळसाआत्याचं सरकार

आमची तुळसाआत्या हुकूम सोडायच्या आधी पदर कमरेला खोचायची. पदर खोचलेला दिसला की गडीमाणसंही बोलायची थांबत. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली आणि स्वतःची बैलजोडी राखून शेती करू लागली.

निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस होते. आमच्या गावात दोन आळ्या एकमेकींवर उठल्या. खालची आळी पाटलाबरोबर निजामाच्या बाजूने, वरची, म्हणजे आमची, स्वराज्याच्या. काठ्या, भाले, गोफणी, सगळं झालं. शेवटी पाटील पळाला आणि चावडीवर आमचा झेंडा लागला. नवे अंमलदार येईपर्यंत कारभार कोणी बघायचा, यावर पुरुषांचं एकमत होईना. मग सगळ्यांनी आत्यालाच बसवलं. चावडीत बसलेली बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

पाटलाचा धाकटा भाऊ बापूराव मात्र गावातच राहिला होता. ज्वारीची पेरणी आली, रानातली ओल उडून चालली, आणि त्याचे बैल पाटलाने पळताना गाडीला जुंपून नेलेले. रान पडीक राहिलं तर त्याची पोरं उपाशी मरणार होती. आत्या म्हणाली, "त्याच्या रानात इर्जिक घालू." म्हणजे सगळ्यांनी आपापले बैल नेऊन त्याचं रान पेरून द्यायचं आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं.

लढाईत हात मोडलेला किसन भडकला. "हरलेल्याचं रान पेराया जिंकलो व्हय आमी?"

"मग कावून जिंकला रे? त्याच्या लेकरांची भूक बघाया?"

पण बोलावल्याशिवाय इर्जिकीला कोणी जात नाही, आणि बापूराव मानी. आत्या पदर खोचून त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. मी तिच्या मागे लपून.

"मला इर्जिकीला बोलाव."

"कोन्या तोंडानं बोलवू, अक्का?"

"हाय त्याच तोंडानं. सरकारचा हुकूम हाय. अन् पुरनपोळी न्हाई म्हनून लाजू नको, ठेचा-भाकर लई झाली."

संध्याकाळी बापूराव आमंत्रणाच्या सुपाऱ्या घेऊन आमच्या आळीत आला. पहिलंच घर किसनचं. किसनने सुपारीकडे बराच वेळ पाहिलं. मग त्याने डावा हात पुढे केला.

"उजवा तुज्या भावानं मोडलाय. डाव्यानं घेतली तर चालंल न्हवं?"

बापूराव तिथेच रडायला लागला.

सकाळी हलगीच्या तालावर तिफणी चालल्या. आत्या एका तिफणीमागे मूठमूठ ज्वारी सोडत होती. तेवढ्यात बीडहून नवे साहेब आले आणि थेट रानातच शिरले.

"इथला कारभार कोणाकडे आहे?"

किसनने आत्याकडे बोट केलं. आत्या थांबली नाही. मूठ थांबली तर ओळीत खांडवा पडतो, तेवढी जागा बियाण्याविना कोरी राहते.

"आजपासून तुमच्याकडं, साहेब. पर आदी बांधावर व्हा. पेरल्यालं हाय, अन् तुमी बूट घालून उभे हाव!"

साहेबांनी बूट काढून हातात घेतले. दोन्ही आळ्या एकदम हसल्या. दुपारी बांधावर सगळ्यांची एकच पंगत बसली, आणि आमच्या मधोमध मांडी घालून नवं सरकार डोळ्यांतलं पाणी पुसत बापूरावाच्या घरचा ठेचा खात होतं.